समोरचा बघतोय

अप्पा, तुमच्या जाण्यानं आपल्या पेठेतलं एक युग संपलं.

हे वाक्य माझं नाही. पेठेच्या तोंडाशी विजेच्या खांबाला जो फ्लेक्स बांधलाय, त्यावरचं आहे. वर तुमचा फोटो आहे, तुमच्या लेकीच्या, उमाच्या लग्नातला. फेटा बांधून तुम्ही कॅमेऱ्याकडं असं बघताय, जणू तो फोटोग्राफर दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून गिऱ्हाइकाची वाट अडवतोय. हेच वाक्य मागच्या वर्षी किराणावाल्या शेठच्या फ्लेक्सवर होतं, आणि त्याआधी पतसंस्थेच्या एका माजी संचालकाच्या. छापणाऱ्यानं मजकूर जपून ठेवलाय. तो फोटो आणि नाव तेवढं बदलतो. त्या हिशेबानं परंड्याच्या जुन्या पेठेत दोन वर्षांत तीन युगं संपली. एवढ्या वेगानं ती इतिहासाच्या पुस्तकातही संपत नाहीत, आणि ती पुस्तकं मी विकतो.

युग संपल्याचं मला काही जाणवलं नाही. मला जे जाणवलं ते तुम्हाला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी दीड वाजता. भूक लागली म्हणून मी उठलो, गुंडाळलेला नकाशा उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि समोर बघून सवयीनं म्हणालो, "अप्पा, बघा जरा." समोर शटर होतं. शेजारचा पिंटू त्याच्या मोबाइलच्या दुकानातून वाकून बघायला लागला, मी कुणाशी बोलतोय ते. मग मी नकाशा उचलून आत ठेवला आणि माझं शटर ओढलं. चाळीस वर्षांत जेवायला जाताना मी पहिल्यांदा दुकान बंद केलं. ते निम्म्यावर येऊन अडकलं. त्यालाही त्या वेळेची सवय नव्हती.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हे छापून येणार आहे आणि वाचणाऱ्यांत कुलूप लावून जेवायला जाणारेही असतील, म्हणून सांगतो. आपल्या पेठेत दुकानदार जेवायला, लग्नाला, मातीला किंवा नुसताच चहाला गेला तर दुकान बंद करत नाही. दारात काहीतरी आडवं टाकतो. जमीरभाई कापड मोजायचा गज टाकतात. तुम्ही दोराचं भेंडोळं ठेवायचा. माझ्याकडं भारताचा एक जुना नकाशा आहे, त्यात चार राज्यं कमी आहेत म्हणून तो विकला गेला नाही, तो मी टाकतो. आडवं काही दिसलं की गिऱ्हाइकानं आत जायचं नाही, समोर हाक मारायची. समोरचा उठून येतो आणि माल देतो. गेलेल्या माणसाला काळजी नसते, कारण समोरचा बघतोय. एवढाच करार. तो कुणी कधी केला माहीत नाही. आपण दोघं पेठेत बसायला लागलो तेव्हा तो होताच.

या करारापायी मी दोर, कासरे आणि कुलपं विकली, आणि तुम्ही शालेय पुस्तकं. एका सोनारीच्या माणसाला मी वासराच्या तोंडाला बांधायची म्होरकी बैलासाठी दिली होती. तो पुढच्या बाजारला ती घेऊन आला. तुम्ही बदलून दिलीत आणि मला एवढंच म्हणालात की गिऱ्हाईक जनावर संगं घेऊन येत न्हाय मास्तर, म्हणून इचारायचं आसतं. तुमची पद्धत तरी काय होती? दहावीच्या एका मुलीनं विज्ञानाचं गाइड मागितलं, तर तुम्ही तिन्ही गाइडं तळहातावर तोलून जड ते दिलंत. ह्यात पानं लई हायत, म्हणालात. ती मुलगी पुढं धाराशिवच्या एका कॉलेजात शिकवायला लागली, आणि मग हे यश कुणाचं, ते तुम्ही मला दर जूनमध्ये ऐकवत आलात. मला पेठ मास्तर म्हणते. मी एक दिवसही शाळेत शिकवलेलं नाही. पण आपल्या दोघांत विद्यार्थी घडवला म्हणून कुणाचा सत्कार व्हायचाच असेल, तर तो तुमचा व्हायला हवा होता, हे मी आज लेखी देतो.

पेठ ओसरायला लागली ते आपल्याला एकदम कळलं नाही. बाहेरच्या रस्त्यावर काचेची दुकानं झाली. सोनारीच्या भैरवनाथाला जाणारे लोक तिथंच चहा घ्यायचे, तिथंच नारळ घ्यायचे आणि तिथूनच पुढं जायचे. पेठेतलं एक शटर पडलं, मग त्याच्या समोरचं पडलं. हे तुमच्या आधी लक्षात आलं. एक दुकान बंद झालं की त्याच्या समोरच्याचं बघणारा जातो, म्हणून तेही फार टिकत नाही, असं तुम्ही म्हणाला होता. मी त्यावर म्हणालो होतो की बाजार म्हातारे होतात, जुनी बंदरं गेली, किल्ल्यांखालच्या पेठा गेल्या, आपल्याच किल्ल्यात आता बकऱ्या चरतात, त्यात रडण्यासारखं काय आहे. तुम्ही विचारलंत, हे पुस्तकात हाय का. मी म्हणालो, आहे. तुम्ही म्हणालात, "मग ते पुस्तक इकडं ठेवू नका. गिऱ्हाईक वाचंल."

पेठ सावरायला दुकानदारांची जी समिती झाली, तिचा अध्यक्ष तुम्हाला कसं केलं, ते शोकसभेत कुणी सांगितलं नाही. सगळे म्हणाले की पेठेनं विश्वासानं धुरा सोपवली. खरं असं की सभा जमीरभाईंच्या दुकानात होती, मी सभेला गेलो होतो आणि तुम्ही माझं दुकान बघत होता. हजर असलेल्यांपैकी प्रत्येकाला काहीतरी अडचण होती. तुम्ही हजर नव्हता, त्यामुळे तुम्हाला अडचण नव्हती. निवड एकमतानं झाली. माझंही मत त्यात होतं.

समितीला कमान हवी होती. पिंटूला फोटो काढायला रंगीत अक्षरांची जागा हवी होती, 'आय लव्ह' वगैरे. तुम्हाला हव्या होत्या तीन गोष्टी, आणि त्या ऐकून सगळ्यांची निराशा झाली: नऊला दुकान उघडायचं, समोर झाडायचं, आणि गिऱ्हाइकाला 'न्हाय' म्हणायचं नाही. आपल्याकडं नसेल तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि पेठेत जिथं असेल तिथून आणून द्यायचं. याला समिती कशाला लागते, असं पिंटूनं विचारलं. तुम्ही म्हणालात, लागत न्हायच.

आता त्या पाहणीबद्दल. तिच्याबद्दल आपण दोघं मोकळेपणी कधी बोललो नाही. जुन्या बाजारपेठा सुधारायच्या कुठल्याशा योजनेसाठी एक साहेब बघायला येणार होते. आदल्या दिवशी माझ्या दुकानात सगळे जमले, कारण खुर्च्या माझ्याकडंच आहेत. पेठ जिवंत दिसली पाहिजे यावर एकमत झालं, पण ती कशी दिसावी यावर चर्चा अडली. गिऱ्हाईक आणायचं कुठून? मी मागं बसून एक जाडजूड चरित्र चाळत होतो. मान वर न करता म्हणालो, त्यात काय, आपणच एकमेकांची गिऱ्हाइकं होऊ.

मी चेष्टा केली होती, अप्पा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "मास्तर पहिल्यांदा कामाचं बोलले." एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा झालेलं कौतुक कोण परत करतो? मी पुस्तक मिटलं आणि गंभीर चेहरा करून बसलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पेठ बघण्यासारखी होती. जमीरभाई बांगड्यांच्या दुकानात रंग निवडत होते. बांगड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई पिंटूकडं मोबाइलचं कव्हर लावून बघत होत्या. पिंटू भांड्यांच्या दुकानात कळशी वाजवत होता. मी जमीरभाईंच्या दुकानात एका साडीचा पदर बोटांत धरून उभा होतो, आणि तुम्ही माझ्या दुकानात सातवीचा भूगोल उघडून, ओठ हलवत, मन लावून वाचत होता. घरची माणसंही आली होती, प्रत्येकाच्या हातात पिशवी होती. रस्त्यावर खांद्याला खांदा लागत होता. तो गलका ऐकून गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठून बाजूला गेलं.

साहेब आले, खूश झाले, आणि थेट तुमच्या दुकानात शिरले. त्यांना खरोखरच काहीतरी घ्यायचं होतं, याची तयारी कुणी केली नव्हती. आत कुणी नाही. दारात दोराचं भेंडोळं. त्यांनी शेजारी बघितलं, तिथं कुणी नाही. समोर बघितलं, तर मालक नाही, नुसतं एक वाचणारं गिऱ्हाईक. सगळी पेठ माणसांनी भरलेली आणि एकाही गल्ल्यावर माणूस नाही. आपण प्रत्येकजण निर्धास्त बाहेर पडलो होतो, कारण समोरचा बघतोय. समोरचाही त्याच भरवशावर बाहेर पडला होता.

ते साहेब दोनदा "कुणी आहे का" म्हणाले. तेव्हा तुम्ही माझ्या दुकानातून, भूगोलात बोट घालून, ओरडलात की थांबा साहेब, मालक येतोय. मग पुस्तक जागेवर ठेवलंत, रस्ता ओलांडलात आणि गल्ल्यावर जाऊन बसलात.

"मालक तुम्हीच का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"मग तिकडं काय करत होता?"

"खरेदी," तुम्ही म्हणालात. "काय दाखवू?"

त्यांना कपडे वाळत घालायची दोरी हवी होती. तुम्ही ती मोजून दिलीत, वर हातभर जास्त सोडलीत. साहेब हसले नाहीत. मी साडीचा पदर धरून हे सगळं बघत होतो आणि मला पदर सोडायचंही सुचत नव्हतं. पुढं पत्र आलं. पेठेत वर्दळ समाधानकारक आहे, सबब तूर्त सुधारणेची निकड दिसत नाही, असा त्याचा आशय होता. गर्दीच्या नियोजनासाठी मात्र दोन लोखंडी अडथळे मिळाले. जमीरभाई त्यावर चादरी टांगतात.

तुम्ही चिडाल असं मला वाटलं होतं. मी पाच-सहा दिवस जरा जपूनच 'बघा' म्हणत होतो. मग एका दुपारी तुम्ही रस्ता ओलांडून आलात, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसलात आणि बाहेर बघायला लागलात. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "पण मास्तर, त्या दिवशी पेठ चांगली दिसली व्हती की न्हाय?"

मी म्हणालो, दिसली होती. ते खरं होतं. माफी राहून गेली.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याचा फोटो कुणी काढला नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही दुकानोदुकानी गेलात आणि सांगितलंत की नाटक एक दिवस जमलं तर रोज जमंल. घरात काही लागलं की बार्शीला जायच्या आधी, फोनवर मागवायच्या आधी, पेठेत विचारायचं. बस. जमीरभाईंच्या नातवंडांच्या वह्या माझ्याकडून जायला लागल्या. मी दोन सदरे पेठेत शिवले, त्यातल्या एकाची बाही अजून लांब आहे. बांगड्यांच्या दुकानाशेजारी एका बाईंनी शिलाई मशीन टाकलं, तुम्ही त्यांना तुमच्या दाराशी बसून गिऱ्हाइकं पाठवलीत. बंद पडलेली पिठाची गिरणी सुरू झाली. दोन शटरं. एवढ्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही. पण सकाळी दहाला दळणाचा वास पेठेत यायला लागला, तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून भुवई उडवलीत. जुन्या बंदरांबद्दल मी परत काही बोललो नाही.

आणि मग मी ते कुलूप मागवलं.

हे लिहायला मी तीन दिवस टाळाटाळ केली. बायको गेल्यावर माझी मुलगी मला पुण्याला बोलावत होतीच. तिथं आता तुमचं आहे काय, हा तिचा प्रश्न. शाळांनी पुस्तकं परस्पर घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे तिच्या प्रश्नाला उत्तर देणं दर वर्षी अवघड होत गेलं. शेवटी मी हो म्हणालो. दुकानाची जागा पाइपांचं गोदाम करायला एकाला देण्याचं बोलूनही ठेवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं ठरलं. घराला मोठं कुलूप लागणार होतं. आणि कुलूप घ्यायचं तर ते तुमच्याकडूनच घ्यायला हवं होतं. तुम्ही विचारलं असतंत, कशाला. मी ते फोनवरून मागवलं. पेठेत न विचारता. हा नियम मोडणारं पहिलं गिऱ्हाईक मी.

पार्सल आलं तेव्हा मी जेवायला गेलो होतो. माझं दुकान तुम्ही बघत होता. मी परत आलो तर खोकं गल्ल्यावर ठेवलेलं, आणि तुम्ही खुर्चीत.

"मास्तर, पार्सल आलंय," तुम्ही म्हणालात. "कुलूप हाय वाटतं."

मी म्हणालो, असेल.

"वजनावरनं सात लिव्हरचं वाटतंय."

मग तुम्ही उठलात, माझा नकाशा भिंतीला नीट उभा करून ठेवलात आणि तुमच्या दुकानात गेलात. मी संध्याकाळी घरी जाऊन खोकं उघडलं. सात लिव्हरचंच होतं.

तुम्ही कशाला विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी 'बघा' म्हणालो, तुम्ही 'बघतो' म्हणालात, सगळं नेहमीसारखं. फक्त एक गोष्ट बदलली. दर वर्षी होळीच्या सुमारास तुम्ही विचारायचा की जूनसाठी वह्या किती मागवल्या, आणि आकडा काहीही सांगितला तरी म्हणायचा, कमी हायत. यंदा होळी झाली, पाडवा झाला, तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, विसरलात. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

रोज ठरवत होतो की आज सांगू. समोर बारा फुटांवर बसलेल्या माणसाला सांगायचं, त्यात काय अवघड? पण बारा फुटांवरून ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि रस्ता ओलांडला की गिऱ्हाईक यायचं. तुमच्याच नियमामुळे पेठेत आता थोडंफार गिऱ्हाईक यायला लागलं होतं. मी त्याचा उपयोग करून घेतला. एका सोमवारी तुम्ही दुकान उघडायला आला नाहीत. नऊ वाजून गेले ते मला उशिरानंच कळलं, कारण तुमच्यामुळेच मला नऊ वाजल्याचं कळायचं.

तुमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून नेलं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठ ताठ. अंत्ययात्रा पेठेतूनच काढायची असं सगळ्यांनी ठरवलं. तुम्ही दोन्ही बाजूंची दुकानं बघत हळूहळू निघाला होता, पाहणीला आल्यासारखे. आणि अप्पा, गर्दी खरी होती. खेड्यापाड्यांतून माणसं आली होती, ज्यांच्या आजोबांना तुमच्या वडिलांनी दोर विकले होते ती माणसं. पेठेत एवढी माणसं मी त्या नाटकाच्या दिवशीही बघितली नव्हती. तुम्ही आयुष्यभर जिची वाट बघितलीत ती गर्दी आली, आणि तुमच्या मानासाठी पेठेतलं एकूण एक दुकान बंद होतं. सोनारीहून आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं की मास्तर, माती झाल्यावर तुमचं दुकान उघडंल का, नातवाला वह्या घ्यायच्या व्हत्या, आलोच हाय तर. मी म्हणालो, आज नाही. तुम्ही हयात असताना हा शब्द गिऱ्हाइकाला वापरायची माझी हिंमत नव्हती. तुम्हाला मान द्यायचा म्हणून तुमचा नियम मोडला, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

शोकसभेत पिंटू म्हणाला की अप्पांचं स्वप्न आपण पूर्ण करू आणि कमानीला त्यांचं नाव देऊ. कमान अजून झालेली नाही, पण नावावरून वाद लगेच सुरू झाला, त्यामुळे ती होईल अशी आशा वाटते. मलाही बोलायला सांगितलं. मास्तर आहेत, वाचन आहे, चांगलं बोलतील. मी उभा राहिलो आणि मला एवढंच सुचत होतं की दुपारी मी शटर लावून जेवतो. ते बोलण्यासारखं नव्हतं. मी हात जोडून बसलो. लोकांना ते फार परिणामकारक वाटलं म्हणे.

सातव्या दिवशी उमा दुकान उघडायला आली, घरच्यांना काही कागद हवे होते म्हणून. तिनं शटर वर केलं तेव्हा मी सवयीनं नकाशाकडं हात नेला. समोर उजेड दिसला. ती आत कागद शोधत होती तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि म्होरकी मागायला लागलं. ती गोंधळली. मी रस्ता ओलांडला, विचारलं, जनावर कोणतं, वय काय, आणि बरोबर ती काढून दिली. तो गेल्यावर ती तुमच्या गल्ल्यावर बसली आणि रडली. मी दोराची भेंडोळी सरळ करत उभा राहिलो. ती आधीच सरळ होती.

मग ती म्हणाली, "काका, तुम्ही पुण्याला कधी जाणार?"

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं.

"अप्पांनी. माघात मी आले व्हते तवा. मास्तर जाणार हाय म्हणले. मी म्हणलं, तुम्हाला सांगितलं का त्यांनी? तर म्हणले, न्हाय. सांगतील."

माघ म्हणजे कुलूप आलं त्यानंतर पंधरा दिवसांनी. म्हणजे होळीला तुम्ही वह्यांचं विसरला नव्हता. तुम्ही दोन-अडीच महिने रोज समोर बसून वाट बघितलीत, आणि मी रोज दुपारी तुम्हाला 'बघा' एवढं एकच सांगितलं. मला आता असं वाटतं की तुम्ही चिडला असतात, पार्सल माझ्यापुढं आदळलं असतंत, पेठेला जमवून मला चार शब्द सुनावले असतेत, तर मी सुखानं पुण्याला गेलो असतो. तुम्ही 'सांगतील' म्हणालात. अशा माणसाला तो हयात असताना सोडून जाणं जमतं. तो गेल्यावर मात्र जाता येत नाही. हे उलटं आहे, मला कळतं. आयुष्यभर असल्या वाक्यांना हसत आलो, आता स्वतःच लिहून बसलो.

तेव्हा आता सांगतो, अप्पा. मी जाणार होतो. तुम्हाला सांगायची भीती वाटली, म्हणून कुलूप लपवून घेतलं. ती पाहणीची कल्पना चेष्टा होती. आणि तुम्ही मला पेठेबद्दल जे सांगत होता ते मला पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं, पण पटलं म्हणालो असतो तर तुम्ही रस्ता ओलांडून वाद घालायला आला नसता. मग मी दुपारचं काय केलं असतं?

उमाला मी सांगितलं की तुमचं दुकान सध्या विकू नका. सकाळी नऊला शटर वर करून द्या, दारात भेंडोळं टाका, मी समोर आहे. माझ्याकडं बघणारं कुणी नाही, ते खरं. पण निदान एका बाजूनं करार चालू राहील. ती घरच्यांशी बोलते म्हणाली. मुलीला पुण्याला कळवलं. ती आधी चिडली, मग म्हणाली, जेवता तरी का वेळेवर?

राहिला होता तो गोदामवाला. त्याला शब्द दिलेला, तो मागं घ्यायचा म्हणजे काम अवघड. काल सकाळी बसून मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. एका मित्राच्या स्मृतीचा मान राखून आणि या पेठेशी असलेल्या माझ्या बांधिलकीला स्मरून, अशी त्याची सुरुवात होती. इतकं जड वाक्य मी आजवर दुसऱ्या कुणाला माफ केलं नसतं. उभं राहून फोन लावला, कारण असलं वाक्य बसून बोलवत नाही.

त्यानं मला सुरुवातच करू दिली नाही. म्हणाला, बरं झालं फोन केलात मास्तर, पंधरा दिवस झाले सांगीन सांगीन म्हणतोय. त्यानं बाहेरच्या रस्त्याला जागा घेतलीय. आपल्या पेठेत टेम्पो वळत नाही.